बंड, दरोडा आणि वासुदेव बळवंत

पेणहून एसटीने मुंबईला निघालं की खारपाड्याचा पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. आमच्या लहानपणी त्या सुळक्यासाठी खिडकीच्या जागेवरून भांडणं व्हायची. तारा मागे पडतं, कर्नाळ्याची झाडी संपते, शिरढोण येतं आणि थोड्याच वेळात पळस्पे फाटा. तिथे गाडी हमखास अडकते. शेंगदाणे, काकड्या विकणारी पोरं खिडकीशी येतात आणि प्रवासी घड्याळं बघत बसतात.

शिरढोण आणि पळस्पे. एसटीच्या हिशेबाने दोघांमधलं अंतर काही मिनिटांचं. शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. आणि १८७९ च्या मे महिन्यात त्यांच्याच माणसांनी पळस्पे लुटलं. यातली पहिली गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. दुसरी गोष्ट चरित्रग्रंथांत आहे, पण भाषणांत सहसा येत नाही.

मला ती नव्याने जाणवली एका सिनेमामुळे. साठच्या दशकात इटलीतल्या दिग्दर्शकांनी अमेरिकेतल्या काऊबॉयच्या गोष्टी आपल्या पद्धतीने पडद्यावर आणायला सुरुवात केली. पैसा इटलीचा, चित्रीकरण बरंचसं स्पेनच्या उजाड माळावर आणि गोष्ट अमेरिकेची. टीकाकारांनी या चित्रपटांना चेष्टेने स्पॅगेटी वेस्टर्न म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. त्यातली एक शाखा पुढे मेक्सिकोतल्या १९१० सालच्या क्रांतीत शिरली. दमियानो दमियानी, सर्जिओ कोर्बुची, सर्जिओ लिओने या दिग्दर्शकांनी तिथे जे नायक उभे केले, ते धड क्रांतिकारक नव्हते आणि धड दरोडेखोरही नव्हते. लिओनेच्या १९७१ सालच्या चित्रपटात हुआन नावाचा एक अडाणी लुटारू आहे. मेसा वेर्दे गावची बँक लुटायची हे त्याचं जन्माचं स्वप्न. आयर्लंडहून आलेल्या एका सुरुंगवाल्याला हाताशी धरून तो बँकेत घुसतो. एकेक दार फोडतो, तर आत पैसा नाहीच. तिथे सरकारने राजकीय कैदी कोंडून ठेवलेले. ते सगळे सुटतात आणि पैशासाठी गेलेला हुआन क्रांतीचा वीर म्हणून लोकांच्या खांद्यावर बसून बाहेर येतो.

मी हा सिनेमा व्हिडिओवर पाहिला तेव्हा बँकेत नोकरीला होतो. तिजोरीच्या प्रसंगाला पोटभर हसलो. पुढे बऱ्याच वर्षांनी फडक्यांचं चरित्र पुन्हा वाचताना लक्षात आलं, की आपल्याकडे हाच प्रसंग उलटा घडला होता. हुआन पैसा शोधायला गेला आणि त्याच्या हाती क्रांती आली. आपला शिरढोणचा माणूस क्रांती करायला निघाला आणि त्याच्या हाती पैशांची थैली आली. मेक्सिकोतली क्रांती सुरू झाली तेव्हा फडक्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. पांचो व्हिया हा तिथला दरोडेखोरीतून सेनापती झालेला गाजलेला पुढारी. तो तर फडक्यांनी बंड पुकारलं त्या वेळी रांगत होता.

फडके घराण्याचा कर्नाळ्याशी जुना संबंध. वासुदेवांचे आजोबा अनंतराव हे त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई गेली, किल्ला गेला आणि किल्लेदारीची केवळ आठवण घरात उरली. नातू त्या सुळक्याकडे बघत वाढला. आखाडा, घोडा, दांडपट्टा यांची त्याला शाळेपेक्षा जास्त ओढ. थोडं कल्याणला, थोडं मुंबई-पुण्याला असं शिक्षण झालं आणि मग त्या काळच्या इंग्रजी शिकलेल्या ब्राह्मण मुलाचं जे व्हायचं तेच झालं. कारकुनी. आधी जीआयपी रेल्वेत, मग इकडे तिकडे, आणि शेवटी पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात. एक-दोन नव्हे, पंधराएक वर्षं या माणसाने इंग्रजी राज्याच्या लष्करी जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या. ज्या फौजेविरुद्ध पुढे बंड केलं तिच्या दाणावैरणीचा आणि पगाराचा खर्च त्याला आकड्यांनिशी ठाऊक होता. भावनेच्या भरात उठलेला हा तरुण नव्हता. बंड केलं तेव्हा त्याचं वय तेहतीस होतं आणि मागे भरवशाची सरकारी नोकरी होती.

नोकरीतला एक प्रसंग सगळे चरित्रकार सांगतात. आई शिरढोणला आजारी असल्याचं कळलं. रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली, असंही सांगतात. साहेबाची सही न झालेला रजेचा अर्ज म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. पण तेवढ्यावरून कोणी राज्य उलथवायला निघत नाही. त्या दुःखाने फार तर डोळे उघडले असतील. पुढचं काम पुण्याने आणि दुष्काळाने केलं.

त्या वेळचं पुणं सभांचं होतं. सार्वजनिक सभेच्या कामाला जोर आला होता. न्यायमूर्ती रानडे देशाची संपत्ती कशी बाहेर चालली आहे, हे व्याख्यानांतून आकड्यांनिशी मांडत होते. हिशेब खात्यातल्या कारकुनाला ते आकडे इतरांपेक्षा लवकर कळले असणार. फडक्यांनी स्वदेशीचं व्रत घेतलं. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर शाळा काढली. आजच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचं मूळ ते. संध्याकाळी व्याख्यानं द्यायची, रविवारी आसपासच्या गावांत जाऊन बोलायचं, असा क्रम चालू होता. दुसरीकडे लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शस्त्रं चालवायचा सराव चालू होता. पहिली पत्नी गेल्यानंतर गोपिकाबाईंशी लग्न झालं, तेव्हा बायकोलाही त्यांनी घोड्यावर बसायला आणि शस्त्र धरायला शिकवलं. चारचौघांसारखा संसार काही करायचा नाही, हे घरात आधीच ठरलेलं असावं.

आणि मग १८७६ चा दुष्काळ आला. दोन वर्षं तो दख्खनवर बसून होता. देशभरात पन्नास लाखांहून जास्त माणसं त्यात गेली, असा अंदाज आहे. दुष्काळी कामावरच्या मजुराला जगायला किती कमी पुरेल, याचा हिशेब सरकारने करायला घेतला. सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, असा दर ठरवला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि दिवसभर खडी फोडायची. दख्खनच्या कामांवरच्या मजुरांनी १८७७ च्या सुरुवातीला काम सोडून निषेध केला. सार्वजनिक सभेने अर्ज केले, माहिती गोळा केली, वर्तमानपत्रांत लिहिलं. आणि त्याच वर्षी हे टेंपलसाहेब मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

अर्ज आणि निषेध यांनी काही होत नाही, अशी फडक्यांची या काळात खात्री पटली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात आणि आसपासच्या तालुक्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती हिसकावून जाळली होती. रयत पेटू शकते, हे त्यातून दिसलं होतं. फडक्यांनी आधी सुशिक्षितांकडे आणि धनिकांकडे शब्द टाकून पाहिला. टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते; पैसा आणि माणूस द्यायला कोणी तयार झालं नाही. मग ते रामोशांकडे वळले.

हे वळण फार मोठं होतं, आणि त्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. एक चित्पावन ब्राह्मण कारकून रामोशांच्या वस्तीत जाऊन त्यांच्या पंगतीला बसतो, त्यांच्याबरोबर डोंगरात राहतो, ही १८७९ सालची गोष्ट आहे. किल्ल्यांची आणि गावांची राखण करणारा हा समाज. पेशवाई गेल्यावर त्यांचीही राखणदारी गेली. त्यांच्यातल्या उमाजी नाईकांनी बंड केलं आणि १८३२ मध्ये ते पुण्यात फासावर गेले. म्हणजे बंडाची परंपरा रामोशांना कोणी शिकवायला नको होती. कोळी, भिल्ल, धनगर यांनाही फडके भेटले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळ लोणीला सुमारे दोनशे जणांचा जमाव जमला. गोपाळ हरी कर्वे, विष्णू गद्रे यांसारखे साथीदार बरोबर होते. त्यानंतर काही दिवसांतच शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी सरकारी कराची रक्कम ठेवलेली होती. हाती लागले सुमारे चारशे रुपये.

बँकेतली सवय अशी, की आकडा दिसला की भागाकार करून बघायचा. दोनशे माणसांत चारशे रुपये म्हणजे माणशी दोन रुपये. या दोन रुपयांत बंडाची सगळी अडचण सामावलेली आहे. फडक्यांच्या मनात फौज उभी करायची होती, दळणवळण तोडायचं होतं, तुरुंग फोडून कैदी आपल्या बाजूला घ्यायचे होते, खजिना लुटायचा होता. पण या सगळ्याला आधी भांडवल लागतं. ते कोणी दिलं नाही, म्हणून छापा. छाप्यातली रक्कम माणसांच्या पोटाला आणि घोड्यांच्या वैरणीला पुरते न पुरते तोच संपते, म्हणून पुढचा छापा. खासगी सावकाराच्या जाळ्यातला शेतकरी जुन्या कर्जाचं व्याज भरायला नवं कर्ज काढतो आणि मुद्दलाला कधी हात लागत नाही, असे खातेदार मी नोकरीत पुष्कळ पाहिले. पुण्याच्या आसपासच्या गावांवर एकामागून एक छापे पडत गेले. बंड मात्र होतं तिथेच राहिलं.

हे फडक्यांना समजत नव्हतं असं नाही. त्यांनी रोजनिशी लिहिली होती आणि आत्मवृत्तही. ती कागदपत्रं पुढे सरकारच्या हाती लागली. बरोबरच्या माणसांचं लक्ष बंडापेक्षा लुटीच्या वाट्याकडे जास्त आहे, याची खंत त्यांनी त्यांत नोंदवली आहे. ही खंत आपण लगेच मान डोलावून वाचतो. पण जरा थांबून रामोशांच्या बाजूनेही पाहायला हवं. दुष्काळ नुकता सरला होता. ज्यांच्या घरात दोन वर्षं चूल नीट पेटली नव्हती, त्यांनी वाट्याकडे पाहिलं तर त्यात नवल काय? फडक्यांना स्वराज्य दिसत होतं, त्यांना घरची पोरं दिसत होती. दोघंही खरेच होते.

मे महिन्यात प्रकरण शिगेला पोचलं. फडक्यांनी सरकारला उद्देशून जाहीरनामा काढला. रयतेला काम द्या, कर कमी करा, बड्या साहेबांचे पगार कापा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा आशय. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावलं होतं. त्यांनी उलट गव्हर्नर टेंपल यांच्यावर इनाम लावलं. लंडनच्या टाइम्सपर्यंत या बंडाची दखल गेली. त्याच महिन्यात पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. संशय अर्थातच फडक्यांवर गेला. पुढे निघालं भलतंच. सरकारी पुस्तकांच्या डेपोतल्या एका नोकराने आपली अफरातफर झाकायला ती आग लावली होती. पण तोवर सरकार इतकं बिथरलं होतं, की प्रत्यक्ष रानड्यांकडेही संशयाने पाहिलं गेलं आणि त्यांची धुळ्याला बदली झाली.

आणि याच मे महिन्याच्या १० आणि ११ तारखेला दौलतराव नाईकांच्या हाताखाली एक टोळी घाट उतरून कोकणात आली. पळस्पे आणि चिखली ही गावं लुटली गेली. धामारीच्या चारशे रुपयांपुढे ही लूट प्रचंड होती. ती दीड लाखाच्या घरात सांगितली जाते. फडके स्वतः या छाप्यात नव्हते. परत जाताना घाटाच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने टोळीला गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. ज्या छाप्यात पहिल्यांदाच भांडवल म्हणावं एवढा पैसा मिळाला, त्याच छाप्याने बंडाचा उजवा हात गेला.

दीड लाख हा आकडा वाचताना मला नेहमी सोनेतारण कर्जाचं टेबल आठवतं. काही वर्षं मी ते सांभाळलं. पाटल्या, एकदाणी, मुलाच्या बारशाची साखळी आणि अगदी शेवटी, नाइलाज झाला म्हणजे, नथ. सोनार वजन करायचा, मी नोंद करायचो आणि समोरची बाई दुसरीकडे बघायची. बायकांच्या अंगाला हात लावायचा नाही असा फडक्यांचा दंडक होता, असं सांगतात. तो पाळला गेला असं धरलं, तरी रोकडीबरोबर लुटीत दागिने असतातच. पळस्प्याच्या ज्या घरांतून ते गेले त्या घरांतल्या बायकांना त्या रात्री काय वाटलं असेल? दारात आलेल्यांचा पुढारी आपल्याच मुलुखातला आहे, शेजारच्या शिरढोणचा आहे, हे त्यांना कळलं असेल का? त्यांची नावं कुठल्याही चरित्रात नाहीत. ते सावकार होते, रयतेला पिळणारे होते, असं म्हणून आपण पुढे जातो. काही असतीलही. पण सगळ्या घरच्या सगळ्या माणसांबद्दल तसं म्हणायला आपल्याजवळ आधार नाही.

त्या उन्हाळ्यात फडके खचले. श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या चरणी देह ठेवायचा असंही त्यांनी ठरवलं होतं. तिथून ते परतले आणि निजामाच्या मुलुखात रोहिल्यांची नवी फौज जमवायची खटपट सुरू केली. डॅनियल पाठीवर होताच. त्याच्या जोडीला निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक आले. २० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यातल्या देवरनावडगी गावी, प्रवासाने आणि तापाने थकलेल्या अवस्थेत ते पकडले गेले.

खटला पुण्यात चालला. ज्यांच्या मदतीची त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती ते पुणेकर आता त्यांना पाहायला गर्दी करू लागले. वकीलपत्र घेणं सोपं नव्हतं. ते सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी घेतलं. कोर्टात सर्वांत मोठा पुरावा ठरला तो त्यांच्याच हातच्या लिखाणाचा. पंधरा वर्षं इमानाने नोंदी करायची सवय झालेल्या माणसाने बंडाचीही इमानाने नोंद ठेवली होती, आणि त्याच नोंदीने त्याला जन्मठेप दिली. त्याच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारापासून संरक्षण देणारा कायदा सरकारने केला.

एडनच्या तुरुंगात त्यांना ठेवलं. तिथूनही एकदा कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून ते पळाले. पण परका मुलूख, परकी भाषा, आणि लपायला कर्नाळ्यासारखी झाडी नाही. लगेच पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे सदतीस वर्षांचे होते.

इंग्रज सरकारने त्यांना दरोडेखोर म्हटलं. आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. १९८४ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. २००७ मध्ये गजेंद्र अहिरे यांनी चित्रपट काढला आणि अजिंक्य देव यांनी फडक्यांची भूमिका केली. हे सगळं योग्यच झालं. सरकारचा शब्द खोटा होता, कारण तो फक्त कृत्य पाहत होता, हेतू पाहत नव्हता. पण आपणही फक्त हेतू पाहायचा आणि कृत्यावर शाल पांघरायची, असं केलं तर तो माणूस आपल्याला कधीच भेटणार नाही. स्वच्छ हातांनी बंड करता येत नाही, हे कळल्यावरही बंड करायचं त्याने ठरवलं. हात मळले तेही त्याने स्वतः लिहून ठेवलं. आपण जे लपवतो ते त्याने लपवलं नव्हतं. दौलतराव नाईकांसारखे त्याचे साथीदार तर आपल्या स्मरणातून जवळजवळ गेलेच आहेत. त्यांच्या वाट्याला दरोडेखोर हा शब्द तेवढा उरला.

मुंबईत धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोरच्या चौकाला वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे. आमच्या पिढीने त्या चौकात उभं राहून घोड्यावरच्या, दाढीवाढल्या परदेशी नायकांची पोस्टरं कौतुकाने पाहिली. तो चांगला की वाईट, हा वाद इराण्याच्या हॉटेलात तासन्‌तास घातला. ज्याच्या नावाच्या चौकात आपण उभे आहोत त्याच्याबद्दल हा वाद घालायचं मात्र कधी कोणाला सुचलं नाही. बहुधा धीर झाला नसावा.

हल्ली पळस्पे फाट्यावर गाडी अडकली की मी घड्याळ बघत नाही. मागे वळून कर्नाळ्याचा सुळका दिसतो का ते पाहतो. हवा स्वच्छ असली तर दिसतो. शिरढोणही त्याच वाटेवर, पळस्पेही त्याच वाटेवर. पेणच्या माणसाला मुंबई गाठायची तर दोन्ही गावांतून जावं लागतं.